तमिळ सिनेमातलं रडणं मराठीत आलं की हसू का येतं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: दोन घरांच्या वैरावरच्या एका तमिळ कौटुंबिक मारधाडपटाचं मराठी डबिंग लिहायचं काम तुमच्याकडे आलंय. हाताशी इंग्रजी संवादांची फाइल आणि हिंदी डब आहे. हाणामारीचे संवाद झकास उतरले, पण बाप-लेक किंवा भाऊ-बहीण समोरासमोर आले की चाचणीला बसलेली मंडळी खुदुखुदू हसतात. निर्माता म्हणतो, मराठी माणसाला एवढं चालत नाही, भावना निम्म्या करा. तर करायच्या का?

नका करू. निम्म्या केल्यात तर हसणं थांबेल, पण मग लोक मोबाइल बघायला लागतील. गेली सतरा-अठरा वर्षं मी हेच काम करतोय, उपशीर्षकं आणि डबिंग दोन्ही, आणि सुरुवातीची तीन-चार वर्षं मीही अशीच कात्री चालवली. नंतर लक्षात आलं की गडबड रडण्याच्या प्रसंगात नसते. ती त्याच्या चाळीस मिनिटं आधी होऊन गेलेली असते, जेव्हा कोण कुणाचं कोण लागतं हे आपण 'अंकल', 'ब्रदर', 'डिअर' करून पुसून टाकलेलं असतं. नातंच कळलं नाही तर पुढे कुणी ढसाढसा रडतंय याचं प्रेक्षकाला हसूच येणार.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. उपशीर्षकं असतील तर मूळ आवाज कानावर पडतच असतो, त्यामुळे तुम्ही 'मामा' लिहा किंवा लिहू नका, नटाच्या गळ्यातून थोडं तरी पोचतं. डबिंगमध्ये तो आधारही जातो. सिनेमा गावाकडच्या टीव्ही प्रेक्षकांसाठी आहे की शहरी ओटीटीसाठी, यानेही शब्द बदलतात. आणि कधीकधी मूळ सिनेमाच भंपक असतो. तिथे आपण कितीही डोकं फोडलं तरी हसू येणारच. तुमचा तसा नाही असं धरून चालतो.

मी सायन कोळीवाड्यात वाढलो. आमच्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं तिरुनेलवेलीकडची. तमिळ मी शाळेत शिकलो नाही, नळावरच्या भांडणांतून शिकलो. लिपी तर तिशीत गिरवली. रविवारी शेजारचे अण्णाच्ची माटुंग्याच्या अरोरा टॉकीजला न्यायचे. तिथे पडद्यावर हीरोच्या एंट्रीला शिट्ट्या वाजवणारी तीच माणसं बहिणीच्या पाठवणीला सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायची. त्यांना यात काही विसंगत वाटायचं नाही. मला वाटतं, आपल्यालाही वाटू नये.

एक उदाहरण घेऊ. 'विश्वासम' हा १० जानेवारी २०१९ ला पोंगलच्या तोंडावर आलेला सिनेमा. दिग्दर्शक शिवा, अजित आणि नयनतारा. मी याचं काम केलेलं नाही, पण नवीन मुलांना शिकवताना यातले प्रसंग मराठीत लिहायला देतो, कारण कथेचा अर्धा भाग आपल्या मुंबईत घडतो. थेनी जिल्ह्यातल्या गावचा तांदळाच्या गिरणीचा मालक तूक्कुदुरै, वजनदार माणूस. वैद्यकीय शिबिरासाठी आलेल्या मुंबईच्या डॉक्टरीणबाईंशी त्याचं लग्न होतं. त्याच्या वैऱ्यांच्या हल्ल्यात तान्ह्या मुलीला इजा होते आणि बायको लेकीला घेऊन मुंबई गाठते. दहा वर्षांनी गावची जत्रा भरणार, त्यात जोडीनं मान घ्यायचा, म्हणून नातलग त्याला बायकोला आणायला पिटाळतात. मुंबईत येऊन बघतो तर कुणीतरी पोरीच्या जिवावर उठलंय. मग तो तिचा अंगरक्षक म्हणून राहतो. आपण बाप आहोत हे मुलीला न सांगता.

आता मला सांगा, ही मुलगी त्याला हाक काय मारणार? इंग्रजी फाइलमध्ये 'अंकल' असतं, हिंदीतही तेच राहतं. मराठीत आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: काका. शाळेच्या बसचे काका, वॉचमन काका, रिक्षावाले काका. मुंबईतली कुठलीही मराठी मुलगी अनोळखी पुरुषाला सहज काका म्हणते. पण काका म्हणजे बापाचा भाऊ. घरातलं, रक्ताचं नातं, बापाच्या अगदी शेजारचं. पोटची पोर समोर उभी राहून 'काका, चला' म्हणते तेव्हा प्रेक्षकाला माहीत असतं की ती फक्त एका पायरीनं चुकली आहे. ती पायरी 'अंकल'मध्ये नाही. एका विद्यार्थिनीनं हा प्रसंग पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही, आणि तिनं संवादात बदल जवळजवळ काहीच केला नव्हता. पुढे हाणामारी सुरू झाली की प्रत्येक ठोशामागे हे 'काका' उभं असतं. शिवाय तिथला खलनायकही बापच आहे. त्याची मुलगी शर्यतीत हरली, तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला आणि तो सूड हिच्यावर काढतोय. म्हणजे पडद्यावर भिडतात ते दोन बाप. तुमच्या संवादांतून हे ऐकू आलं नाही तर उरतो नुसता गुंड आणि पहिलवान.

या जातीच्या सिनेमात मारामारीकडे मी हक्काचा दावा म्हणून बघतो. 'हिच्यावर माझा हक्क आहे' किंवा 'या घरावर तुझा नाही' हे वाक्य आधी शब्दांत येतं, मग हातांनी. त्यामुळे कामाला बसलो की पहिल्या दिवशी एकही संवाद लिहीत नाही. कागदावर सगळ्या पात्रांची वंशावळ काढतो आणि प्रत्येक जोडीपुढे लिहितो: कोण कुणाला काय म्हणतो, अरे-तुरे की अहो-जाहो, आणि कुठल्या प्रसंगात ते बदलतं. इंग्रजीत सगळं 'यू' झालेलं असतं. तमिळमध्ये 'नी' (तू) आणि 'नींग' (तुम्ही) वेगळे, वर 'वाडा' (ये रे) म्हणायचं की 'वांग' (या) याचंही माप असतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, रे-गं-अहो आहे. सगळं सामान घरात आहे, फक्त इंग्रजी फाइल वाचून ते वापरायचं सुचत नाही.

एक ठेवा तर असा आहे की हिंदीवरून काम करणाऱ्याला तो दिसतच नाही. तमिळमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत: 'नांग' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, 'नाम' म्हणजे त्याला धरून आपण. बोलताना 'एंग वीडु' म्हणजे आमचं घर, 'नम्म वीडु' म्हणजे आपलं घर. मराठीत हा भेद जसाच्या तसा आहे. द्राविडी भाषांच्या शेजारानं तो आला असं बरेच भाषाभ्यासक मानतात. हिंदीत दोन्हीला 'हमारा'. दुरावलेल्या नवरा-बायकोच्या कथेत 'आमची मुलगी' कधी 'आपली मुलगी' होते, हा अख्खा सिनेमा असू शकतो! हिंदी डबवरून लिहिलंत तर नाणं टाकून ठरवावं लागेल. म्हणून मूळ तमिळ ऐकताना 'नम्म' कानावर पडलं की फाइलीत खूण करा. तमिळ येत नसेल तरी एवढे दोन शब्द ओळखणं अर्ध्या तासात जमतं.

आता मामा. तमिळ कुटुंबात 'ताय्मामन', म्हणजे आईचा भाऊ, हा मोठा मानकरी. कान टोचताना मूल त्याच्या मांडीवर बसतं, भाची वयात आली की तो 'सीर' घेऊन येतो, म्हणजे वाजतगाजत ताटं भरून आहेर. तो आहेर आला नाही किंवा परत पाठवला, की त्या दिवसापासून वैर. तमिळ सिनेमात यावर कोयते निघतात, आणि इंग्रजी फाइल म्हणते, 'अंकल इज अँग्री.' आपल्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात, लग्नात मुलीला मांडवात मामा आणतो, माहेरचा आहेर कमी पडला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. सासऱ्याला मामंजी, सासूला आत्याबाई म्हणण्याची रीत आपल्या कितीतरी घरांत आहे. तमिळमध्येही सासरे 'मामा' आणि सासू 'अत्तै', म्हणजे आत्याच. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या चालीरीती जिथे एकमेकींत मिसळतात असा प्रदेश मानलं होतं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हिंदी लेखकाला जे समजावून द्यावं लागतं ते आपल्या प्रेक्षकाला आजीकडून आधीच मिळालेलं असतं.

पण इथे घसरू नका. साम्य आहे म्हणून सगळं जुळतं असं नाही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडच्या अनेक समाजांत चालतं, पण सख्ख्या मामानं भाचीशी लग्न करणं, जे तमिळनाडूत बऱ्याच ठिकाणी रूढ होतं, ते इथे बहुतेकांना दचकवेल. तिकडे बायको नवऱ्यालाही लाडानं 'मामा' म्हणते. ते 'मामा' ठेवलंत तर सभागृह कोसळेल. तिथे 'अहो' लिहा आणि पुढे चला.

तशीच एक फजिती माझी. अगदी सुरुवातीच्या काळात एका स्टुडिओत मी हुशारी केली: चव राहावी म्हणून तमिळ संबोधनं तशीच ठेवली. तर झालं असं की थोरल्या भावाला 'अण्णा' म्हटलं आणि निम्म्या लोकांना तो बाप वाटला, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वडिलांनाच अण्णा म्हणतात. धाकट्याला 'तंबी' म्हटलं तर कुणी विचारलं, हा सारखी तंबी का देतोय? आजीला 'पाटी' म्हटलं तेव्हा मात्र ध्वनिमुद्रक हेडफोन काढून बाहेर गेला. तेव्हापासून माझा नियम: मराठीत ज्याचा दुसरा अर्थ आहे असं तमिळ संबोधन ठेवायचं नाही. थोरल्याला दादा, धाकट्याला नाव किंवा 'बाळा'.

ओठांचीही एक अडचण आहे, ती डबिंग करणाऱ्यालाच कळते. 'अम्मा' म्हणताना ओठ मिटतात. 'आई' म्हणताना तोंड उघडंच राहतं. क्लोजअपमध्ये नट ओठ मिटून आक्रोश करतोय आणि ऐकू येतंय 'आई', तर डोळा आणि कान भांडतात, आणि प्रेक्षक का हसला हे त्यालाही सांगता येत नाही. तुमच्या चाचणीत हसू नेमकं अशा जागी फुटलंय का, ते तपासा. गावाकडची कथा असेल तर मी 'माय' किंवा 'अगं माय' वापरतो. चेहरा लांब असेल, पाठमोरा असेल तर 'आई'. 'अप्पा'ला 'आबा' अगदी फिट बसतं, 'बाबा'ही चालतं. उलट बाजूनं एक सोयही आहे. तमिळ आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे धमकीचा दणका मूळ जागी, म्हणजे वाक्याच्या शेपटीला ठेवता येतो. इंग्रजीवरून लिहिलं की तो पुढे सरकतो आणि नटाची मान जिथे झटका देते तिथे आपल्याकडे 'तर' किंवा 'म्हणून' येऊन पडतं.

आता भाऊबंदकी, कारण तुमच्या कथेतही दोन घरांचं वैर आहे असं तुम्ही लिहिलंय. तमिळमध्ये बापाकडच्या नातलगांना 'पंगाळी' म्हणतात. 'पंगु' म्हणजे वाटा. पंगाळी म्हणजे ज्याचा वाटा आहे तो. आपला भाऊबंद तोच. याचा नमुना बघायचा तर १९९२ च्या दिवाळीत आलेला 'तेवर मगन' बघा. लेखन कमल हासन यांचं, दिग्दर्शन भरतन यांचं. थोरले तेवर म्हणजे शिवाजी गणेशन, आणि त्यांच्याशी वैर धरणारा मायत्तेवर हा त्यांच्या सावत्र भावाचा मुलगा, नासर यांनी केलेला. थोरल्या तेवरांच्या परदेशात शिकून आलेल्या मुलाला, शक्तीला, गावात राहायचं नसतं. देवळाच्या एका कुलपावरून आग भडकते, बांध फोडून गाव बुडवलं जातं, बाप जातो, आणि सुटाबुटातला मुलगा बापाच्या खुर्चीत बसतो. यात बाप-लेकाचं एक बोलणं आहे, बी आज पेरलं तरी फळ खायला पेरणारा असेलच असं नाही, अशा अर्थाचं. कुणी ओरडत नाही, कुणी गळ्यात पडत नाही. मी हा प्रसंग मराठीत लिहून पाहिला तेव्हा 'कर्तव्य', 'वारसा', 'परंपरा' असले शब्द घातले आणि ते व्याख्यान झालं. मग शेतकऱ्याच्या तोंडचे तेवढेच शब्द ठेवले, बी, पेरणी, फळ, आणि संवाद निम्म्या लांबीचा होऊन उभा राहिला. तुमचा निर्माता 'भावना कमी करा' म्हणतो त्याच्या जवळपासचा मला पटणारा सल्ला एवढाच: शब्द कमी करा. भाववाचक नामं आधी काढा.

याच सिनेमाचा १९९७ मध्ये प्रियदर्शन यांनी हिंदीत 'विरासत' केला. अनिल कपूर, अमरीश पुरी, तब्बू, आणि खलनायक आपले मिलिंद गुणाजी. तिथे तेवरांचे ठाकूर झाले. इथे एक सावधगिरी सांगतो. 'तेवर' हे जातीशी जोडलेलं बिरुद आहे. मराठी करताना थोरल्या तेवरांचे 'थोरले पाटील' करण्याचा मोह होतो, कानालाही बरं वाटतं. पण त्या एका शब्दाबरोबर महाराष्ट्रातलं वेगळंच राजकारण आत येतं आणि तिकडचं झाकलं जातं. 'तेवर मगन'वर जातीच्या उदात्तीकरणाची टीका तमिळनाडूत झालेली आहे. त्यात वडिवेलू यांनी केलेला इसक्की हा गडी, ज्याचा हात मालकांच्या वैरात तोडला जातो, दिग्दर्शक मारी सेल्वराज यांच्या डोक्यातून गेला नाही. २०२३ च्या 'मामन्नन'मध्ये त्यांनी त्याच वडिवेलूंना मध्यवर्ती भूमिका दिली आणि तो इसक्कीचाच पुढचा विचार आहे असं जाहीरपणे सांगितलं. म्हणून कुटुंबाचा मान-मरातब लिहिताना दारात उभ्या असलेल्या गड्याला कोण 'ए' म्हणतो आणि कोण नावानं हाक मारतो, तेही वंशावळीच्या कागदावर लिहा. माझ्यापुरतं मी बिरुदं बदलत नाही. तेवर ते तेवर, गौंडर ते गौंडर.

बोलीबद्दल एका वाक्यात: थेनी-मदुरैच्या माणसाच्या तोंडी कोल्हापुरी घालू नका, 'काय भावा' म्हटलं की प्रेक्षक रंकाळ्यावर पोचतो.

गाण्यांचं मात्र वेगळं. 'विश्वासम'मधलं बापानं लेकीसाठीचं 'कण्णान कण्णे' घ्या. शब्द तामरै यांचे, आवाज सिद श्रीराम यांचा, डी. इमान यांना या सिनेमाच्या गाण्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कण्णे' म्हणजे शब्दशः 'डोळ्या'. तमिळ बाप लेकराला डोळा म्हणतो; आपण सोन्या म्हणतो, राजा म्हणतो, फार तर डोळ्यांतली बाहुली. चालीत बसवायला जाल तर दोन्हीकडचं जाईल. शक्य असेल तिथे गाणं तमिळच ठेवा आणि खाली साध्या मराठीत दोन ओळी द्या. निर्मात्याला पैसे वाचल्याचाही आनंद होईल.

आता तुमच्या कामाकडे. डबिंगची तारीख जवळ आली असेल तर सगळं पुन्हा लिहायला वेळ नसणार, म्हणून क्रम सांगतो. आधी निर्मात्याकडे मूळ तमिळ संवादांची प्रत मागा. ती असते, फक्त कुणी मागत नाही. नाहीच मिळाली तर तमिळ घरात वाढलेल्या कुणालातरी दोन दुपारी शेजारी बसवा, मानधन देऊन. धारावीत, सायनला, पिंपरी-चिंचवडला अशी माणसं हमखास भेटतात. त्यांना भाषांतर विचारू नका. 'हा हिचा कोण लागतो, आणि हे म्हणताना तो चिडलाय की लाडात आलाय?' एवढंच विचारा. मग सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासातली संबोधनं दुरुस्त करा. शेवटच्या रडण्याला हात लावू नका. तेच संवाद, तोच आवाज ठेवून पुन्हा चाचणी घ्या, आणि यावेळी प्रेक्षकांत निदान दोन माणसं अशी बसवा ज्यांच्या लग्नात आहेरावरून भांडण झालं होतं.